दोनशे ग्रॅमची घट

अण्णा गेले ते संकष्टीच्या दिवशी, १३ ऑक्टोबर २०२२ ला, संध्याकाळी सातच्या सुमारास. चंद्रोदयाला अजून दीड तास होता, म्हणजे उपास सोडायचा राहिलाच. आईने भाताचा कुकर नुकताच चढवला होता. तो शिट्ट्या देत राहिला, आणि गॅस कुणी बंद केला हे आजही आमच्यापैकी कुणाला सांगता येत नाही.

रात्री त्यांना अमरधाम स्मशानभूमीत नेल्यावर आत्याने सोपा, म्हणजे पुढची बसायची खोली, धुऊन घेतला आणि जिथे त्यांना ठेवलं होतं तिथे मूठभर पीठ पसरलं. मधोमध पणती, वर पालथी बुट्टी. सकाळी बुट्टी काढली की पिठावर जो ठसा उमटलेला असेल त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं, अशी आमच्याकडची समजूत. मी रात्रभर तिथेच भिंतीला टेकून बसले.

अण्णा तरुणपणी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर जात. पेव म्हणजे जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेलं हळदीचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट मोठं. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं ढासळली, पण अण्णांच्या गोष्टींत ती शाबूत होती. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर थांबायचं. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की त्या रात्री बुट्टीच्या विणीतून झिरपणाऱ्या उजेडावरून माझी नजर हलेना. पहाटे तीनपर्यंत पणती होती. मग मलाच डोळा लागला.

सकाळी आत्याला पक्ष्याचं पाऊल दिसलं. मला पीठ दिसलं.

दहावा धनत्रयोदशीला आला. घाटावर पिंड ठेवून दादा दोन पावलं मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. अण्णांचा जीव कशातच अडकला नव्हता म्हणे. मला मात्र राग आला. माझ्यात नाही, आईत नाही, निदान त्या न सुटलेल्या उपासात तरी?

लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचंच सुतक. म्हणजे विश्रामबागेतल्या माझ्या दारात त्या दिवाळीला रांगोळी चालली असती. सासूबाईंनी तसं एकदा सुचवूनही पाहिलं, वाईट हेतूने नव्हे. मी डबा काढला, उघडला, परत ठेवून दिला. गावभागात आईच्या दारात तर प्रश्नच नव्हता. शेजारपाजारचे फराळाचे डबे येत होते आणि उंबऱ्यापुढची शहाबादी फरशी कोरडी ठणठणीत पडून होती. एरवी त्या फरशीवर रोज चार रेघा असायच्याच.

मग फोटोचं प्रकरण झालं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातलं आमचं घर आठवडाभर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर घरातले तीन अल्बम पापडाच्या लाटीसारखे चिकटून एक झालेले. सोडवायला जावं तर एका फोटोतला चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीवर निघून यायचा. त्यानंतर मोबाईलमध्ये अण्णा होते, पण सगळीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाला मागे उभे, नाहीतर डोळे मिटलेले. नीट समोर बघणारा एकच फोटो उरला होता, पाकिटातल्या ओळखपत्रावरचा, १९९५ चा. दादाने तो एका स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्यांनी मोठा करून दिला खरा, पण अण्णांना काळा कोट आणि लाल टाय घालून, गाल गुळगुळीत करून, मागे आभाळ लावून. अण्णांनी जन्मात कोट घातला नव्हता. मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होते ते, अडतीस वर्षं. सदरा, लेंगा, कानावर पेन्सिल. सदऱ्याच्या बाह्या कितीही धुतल्या तरी हळदीने पिवळ्या. कोटातल्या त्या माणसाला हार घालताना मला परक्याच्या लग्नात शिरल्यासारखं वाटायचं.

तिथून सुरुवात झाली. काहीतरी थोर करायचं वगैरे डोक्यात नव्हतं. तो कोट उतरवायचा होता, एवढंच.

मला शाळेत इंटरमीजिएटच्या परीक्षेला बी ग्रेड होती, चित्रकलेचं भांडवल तेवढंच. पेन्सिलने केलं, जमलं नाही. तैलरंगाची हिंमत नव्हती. २०२३ च्या पावसाळ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये व्यक्तिचित्र रांगोळीचा वर्ग लागल्याचं कळलं आणि नाव घातलं. आदमअली मुजावरांच्या मैदानभर रांगोळ्या बघायला रांगा लावणारी आम्ही सांगलीची माणसं. रांगोळीत माणूस निघतो हे आम्हाला नवीन नव्हतं. तो आपल्याला काढता येईल हे नवीन होतं. वर्गाचे सर थोर रांगोळीकार गुणवंत मांजरेकरांचं नाव कानाला हात लावून घ्यायचे आणि मगच चिमूट उचलायचे.

पहिले पंधरा दिवस टोमॅटो. नंतर पितळी तांब्या. त्यानंतर नुसता एक डोळा. तोंडाला तोंडाचा रंग नसतो, हे सर रोज सांगायचे, आणि तांब्या काढेपर्यंत ते मला कळलं नव्हतं. पितळ म्हणून आपण जो पिवळा धरून चालतो तो तांब्यात फार थोडा असतो. बाकी काळपट हिरवं, विटकरी, खिडकीचं निळं आणि एक पांढरा ठिपका. गालाचंही तेच. हनुवटीखालच्या सावलीत मी हिरवा टाकायला धजत नव्हते. सरांनी माझ्या हातून टाकवून घेतला आणि सपाट हनुवटी एकदम पुढे आली.

रंग करणं हेच अर्धं काम. पांढरी रांगोळी आधी वस्त्रगाळ करायची. मग तीत लेक रंग, म्हणजे रांगोळीत मिसळायची रंगाची पूड, घालून जाड कागदावर तळहाताच्या टाचेने घासत राहायचं, ठिपका दिसेनासा होईपर्यंत. नुसत्या कातडीच्या नऊ छटा केल्या मी, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. नवऱ्याने झाकणांवर आकडे घातले आणि पुढे महिनाभर घरात श्रीखंड आणायचं नाही असं बजावलं.

आईला विचारायचं राहिलं होतं. वर्षाच्या आत रांगोळी हे तिच्याने ऐकवलं नसतं. त्यात त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे वर्ष तेरा महिन्यांचं झालं. १ नोव्हेंबर २०२३ ला वर्षश्राद्ध झालं, ब्राह्मण जेवून गेले, आणि मी पत्रावळी उचलता उचलता विषय काढला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दारात नको. आत काय करायचं ते कर. वसुबारसेच्या आधी सोपा मोकळा पाहिजे, दादा येतोय."

आठ दिवस हातात होते. सोप्यात, जिथे आत्याने पीठ पसरलं होतं त्याच जागी, खडूची पूड लावलेला दोरा ताणून मी चौकोन आखले. ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा फोटो मोठा करून घेतला होता. त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे फरशीवर चार. चित्र साधारण ३ बाय ४ फुटांचं. काढायच्या आधी सगळी भुकटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घेतली, अडीच किलो. हे कुणी सांगितलं नव्हतं. दिवाणजीची मुलगी, न मोजता माल काढवेना.

डोळ्यांपासून सुरुवात करायची, कारण ते बिघडले तर पुढचं वाया जात नाही. पहिल्या रात्री डावा डोळा तीनदा पुसला. दोन विटांवर फळी टाकून तिच्यावर पालथं पडायचं, पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला ओढणी. श्वाससुद्धा बाजूला मान वळवून सोडायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून भुकटी सुटते तेव्हा बोटांना काहीच लागत नाही. सुटतेय हे फक्त डोळ्यांना कळतं. खोडायची सोय नाही. चुकलं तर वरून दुसरा थर, तोही फार तर दोनदा. मग डोंगर होतो. रात्री नऊ ते एक, असं पाच रात्री केलं आणि शेवटच्या रविवारी दिवसभर. सव्वीस तास भरले.

दुसऱ्या रात्री एक गोष्ट ध्यानात आली, ती कळायला खरं तर हिशेब लागत नव्हता. १९९५ साली अण्णा ४९ वर्षांचे होते. मीही ४९ ची. म्हणजे मी म्हाताऱ्या बापाचं चित्र काढत नव्हते. माझ्या वयाच्या एका माणसाचं काढत होते, ज्याला दोन मुलं होती, उधारीवर घेतलेली सायकल होती, आणि पुढची सत्तावीस वर्षं आहेत हे माहीत नव्हतं. त्या फोटोत ते थोडे घाबरलेले दिसतात. फोटोला उभे राहिले की लोक दिसतात तसे असतील. पण मी हे आधी कधी बघितलंच नव्हतं. घरात घाबरण्याचं खातं माझ्याकडे आणि आईकडे होतं, अण्णांकडे नाही.

नाक मिळेना. फोटोत ते पांढऱ्या डागासारखं उडालेलं. शेवटी आत जाऊन आईचा हातआरसा आणला, फळीला टेकवला आणि माझं बघून काढलं. नाकाचा शेंडा, नाकपुडीची वळणं, ओठाच्या वरची ती पन्हळ. आरशात बघायचं, चिमूट सोडायची, परत बघायचं. रात्री बारा वाजता, तोंडाला फडकं बांधून, स्वतःचं नाक मेलेल्या माणसाला लावताना जे वाटतं ते मला लिहिता येणार नाही. भीती होती, पण वाईट नव्हतं. आपणही असेच कधीतरी कुणाच्या तरी बोटांतून सुटणार, असं मनात आलं आणि त्याच वेळी गुडघ्याला मुंग्या आल्या म्हणून उठावं लागलं.

डाव्या कानावर तर शिक्काच होता. ओळखपत्राचा जांभळा गोल शिक्का नेमका कानावर आलेला, आत काही म्हणजे काही दिसत नाही. माझे कान आईवर गेलेत, आरसा उपयोगाचा नव्हता. दादाला पुण्याला फोन केला. साडेअकरा वाजले होते.

"तुझ्या डाव्या कानाचा फोटो पाठव."

"बरी आहेस ना?"

"उजेड डावीकडून घे. वहिनीला काढायला सांग."

पाच मिनिटांत कानाचे सात फोटो आले. पाठोपाठ मेसेज: 'मळ काढून घेतलाय.' अण्णा गेल्यानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा इतकं हसलो, फोनवर, तो तिकडे, मी इकडे हात लांब धरून, कारण हसण्याने गाल उडाला असता. हसू ओसरल्यावर दोघांनाही फोन ठेवता येईना. वर्षभर आम्ही फक्त बँकेचं, वारसनोंदीचं आणि मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतींचं बोललो होतो.

हळदीचंही सांगायला हवं. रांगोळीत खरी हळद मिसळायची नाही, दमट हवेत गठ्ठे होतात, असा सरांचा दंडक. सदऱ्याच्या बाहीचा पिवळा मात्र लेक रंगातून येईना. कितीही केलं तरी झेंडूच्या फुलासारखा दिसायचा. डब्यातली दोन चिमूट हळद टाकली. गठ्ठे झाले. पण घट्ट धरून ठेवलेल्या वासाने सोपा भरला आणि स्वयंपाकघरातून आई उठून आली. वर्षभर ती त्या कोटवाल्या फोटोसमोर दिवा लावत होती, रडली नव्हती. आता दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, म्हणाली, "एवढी हळद कशाला वाया घालवतेस," आणि तिथेच खाली बसली.

तिचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. चित्र पुरं झालं होतं. चष्मा लावून, पायाकडून, डोक्याकडून, सगळीकडून बघून झाल्यावर म्हणाली, "हे काही ते नाहीत. पण ओळखीचं वाटतंय कुणीतरी." मग थोड्या वेळाने, "कान मात्र त्यांचाच."

दोन दिवस गल्लीतली माणसं येत राहिली. हे मला नको होतं, पण आपल्याकडे सोप्याचं दार कुणी लावून घेत नाही. कुणी हात जोडले, कुणी कडेला अकरा रुपये ठेवले, एका काकूंनी उदबत्ती लावलीच. शेजारच्या मुलाने काच बसवून घ्या म्हणून सांगितलं, त्याच्या मित्राने वरून वॉर्निशचा फवारा सुचवला. प्रत्येकाला ते टिकवायचं होतं. मला काय हवं होतं? वर्गात दर शनिवारी आम्ही आपापली चित्रं पुसायचो, टोमॅटो आणि तांबे पुसताना काही वाटत नसे, म्हणून हेही जमेल असं मी धरून चालले होते. मंगळवारी पुसायचं होतं, नाही पुसलं. बुधवारी सकाळी येऊन बघते तर कपाळावरून तिरकी एक नक्षी गेलेली, बारीक चार बोटांची, मध्ये शेपटीची रेघ. पाल. आत्या असती तर तिला नक्की काहीतरी दिसलं असतं. मी ती नक्षी बुजवायला छटा नंबर तीनचा डबा उघडलाही होता. आई म्हणाली, "राहू दे. आज काढायचंच आहे ना."

तिने कोपऱ्यातली जुनी केरसुणी आणली. लक्ष्मीपूजनाला नवी येणारच होती. मी सदऱ्याच्या खालच्या कडेपासून सुरुवात करायला वाकले, म्हटलं हळूहळू वर जाऊ.

"डोळ्यांपासून घे," आई म्हणाली. "नाहीतर शेवटपर्यंत बघत बसतील."

मला झालं नाही. मी केरसुणी धरून उभी राहिले, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली, कमरेत वाकली आणि रोज सकाळी सोपा झाडते त्याच हाताने, ना जोरात ना हलक्या, दोन्ही डोळ्यांवरून एकदम फिरवली. मग केरसुणी परत माझ्याकडे दिली. बाकीचं मी केलं. कानापाशी थोडी थांबले.

सगळे अण्णा चार सुपल्यांत मावले. नाक, दादाचा कान, बाही, आभाळ न लावलेली मागची साधी राखाडी भिंत, सगळ्यांचा मिळून एकच रंग झाला होता. मातकट, किंचित जांभळा, पुरानंतर घरात राहिलेल्या गाळाच्या जवळ जाणारा. चाळून काट्यावर ठेवली. दोन किलो तीनशे.

हळद शिजवून वाळवली की शंभराची वीसेक किलो राहते, आणि वखारीत पडून असली तरी वजन उतरत जातं. अण्णा त्याला घट म्हणायचे. शेतकरी भांडायला आला, माझा माल कुठे गेला म्हणून, तर हिशेबाची पट्टी त्याच्यापुढे सरकवून शांतपणे सांगायचे, "चोरी नाही दादा, घट आहे. घट धरायलाच लागते." त्यांच्या सवयीने मीही वहीत मांडलं: गेली २ किलो ५००, आली २ किलो ३००. दोनशे ग्रॅम फरशीच्या सांध्यात असतील, केरसुणीत, पालीच्या पायाला. चार दिवस नाक शिंकरलं की जांभळट निघत होतं, तेही त्यातच धरलं.

कोटवाला फोटो अजून भिंतीवर आहे. आईला त्याची सवय झाली आहे आणि नवा करून आणायचा उत्साह कुणात राहिला नाही. वसुबारसेला संध्याकाळी दादा आला, चपला काढून थेट सोप्याच्या मधोमध बसला आणि पंखा लावला. बऱ्याच वेळाने विचारलं, "इथेच होते?" मी म्हटलं, तू त्यांच्या कानावर बसलायस. तो जरा सरकून बसला.

पुसलेली मिश्र भुकटी सर टाकू देत नाहीत. पार्श्वभूमीला चालते, चाळून आणा म्हणतात. लाडवांच्या मोठ्या बरणीत भरून मी ती दिवाळीच्या प्रदर्शनाआधी वर्गात नेऊन ठेवली, कुणाची काय ते सांगितलं नाही. बारावीतला एक मुलगा खिलार बैलजोडी काढत होता आणि त्याला जमिनीसाठी रंग कमी पडला होता. त्याने विचारलं, काकू, ही घेऊ? दोन्ही बैलांच्या पोटाखालची सावली त्याने त्या भुकटीत काढली. सरांनी वाकून बघितलं, सावलीत थोडं पिवळं कुठून आलं म्हणून विचारलं. मुलाला सांगता आलं नाही.